आर्मीतनं बाहेर पडून अमेरिकेत धंदा: लीडरशिप राहू द्या, हातातलं काम बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मूळचे साताऱ्याकडचे, ग्रीन कार्डवर अमेरिकेत आले, आर्मी जॉइन केली, सर्विसमधेच सिटिझनशिप झाली, काम जनरेटर मेकॅनिकचं. पुढच्या वर्षी काँट्रॅक्ट संपतंय. बायको म्हणते चांगली नोकरी धरा, यांना स्वतःचं काहीतरी करायचंय. आणि शेवटी विचारलंय की आर्मीत लीडरशिप शिकलो त्याचा धंद्यात खरंच उपयोग होतो का, की ते नुसतं लिंक्डइनवर लिहायला असतं.

मी न्यू जर्सीत छोट्या धंद्यांच्या लोनच्या फाइली बनवतो, बरीच वर्षं झाली, गिऱ्हाइकांत माजी सैनिक भरपूर. तर सरळच सांगतो. बँकेत फाइल उघडल्यावर लीडरशिप हा शब्द कुणी वाचत पण नाही. "लेड अ टीम ऑफ ट्वेल्व्ह" हे दर दुसऱ्या फाइलीत असतं. लोन ऑफिसर विचारतो की याच कामाचा अनुभव किती, घरचे किती पैसे घालणार, आणि पहिले सहा महिने गिऱ्हाईक कुठनं येणार. तुमच्याकडे त्यातलं पहिलं उत्तर एकदम तगडं आहे आणि तुम्ही ते प्रश्नात एका ओळीत उरकलंत, लीडरशिपवर मात्र अख्खा पॅरा लिहिलात.

आपल्याकडे रिटायर फौजी म्हटलं की बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन बसलेले काका नाहीतर सिक्युरिटी एजन्सी हेच डोळ्यासमोर येतं, तुमच्या सातारच्या बाजूला तर घरटी एक असेल. म्हणून मला वाटतं आपल्या लोकांना "फौजी ते उद्योजक" याचं नीट उदाहरणच माहीत नसतं. एक सांगतो, पूर्ण सांगतो कारण त्यात चांगलं वाईट दोन्ही आहे.

जॅक ट्रॅमिएल. पुढे घरगुती कॉम्प्युटर बनवणाऱ्या कमोडोर कंपनीचा संस्थापक. जन्म १९२८, पोलंडमधलं वूज शहर, ज्यू कुटुंब. जर्मन आले, शहरातच घेटो, म्हणजे ज्यूंना कोंडायची वस्ती केली, हे पोरगं तिथल्या कपड्यांच्या कारखान्यात राबलं, १९४४ मधे ऑशवित्झची छळछावणी, तिथनं बापाबरोबर हॅनोव्हरजवळच्या आलेम नावाच्या लेबर कँपात. बाप तिथंच गेला. एप्रिल १९४५ मधे अमेरिकेच्या ८४व्या इन्फंट्री डिव्हिजनने कँप सोडवला तेव्हा हा सोळा वर्षांचा होता. १९४७ मधे लग्न केलं, बायको पण कँपातनं वाचलेली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिका. पुढच्या वर्षी अमेरिकन आर्मीत भरती.

आता इथनं पुढचं तुमच्या कामाचं. आर्मीने त्याला फोर्ट डिक्सला, म्हणजे आमच्या न्यू जर्सीतच, ऑफिसातली यंत्रं दुरुस्त करायला शिकवलं. टाइपरायटर मुख्यतः. रणांगण नाही, मेडल नाही, टाइपरायटर. आणि तेव्हा आर्मी काय, बँक काय, कोर्ट काय, सगळं कामकाज टाइपरायटरवर चालायचं. ज्यांनी आपल्याकडे टायपिंग इन्स्टिट्यूट बघितल्यात त्यांना आठवेल, रिबन सुकते, टाइप वाकडे होतात, कॅरेज अडकतं, की बोलवा मेकॅनिकला. एकदा विकलं की संपलं असं ते यंत्रच नव्हतं, विकल्यावर खरं काम सुरू व्हायचं. तुमचा जनरेटर सेम आहे, पुढे येतो त्याच्यावर.

आर्मीतनं सुटल्यावर तो एका छोट्या टाइपरायटरच्या दुकानात लागला. तो सांगायचा ते असं, की आर्मीतल्या ओळखीवर त्याने मालकाला टाइपरायटर दुरुस्तीचं मोठं काम आणून दिलं आणि मालकाने पगार काही वाढवला नाही, म्हणून सोडलं. मग टॅक्सी चालवली. १९५३ च्या सुमाराला टॅक्सी चालवता चालवताच ब्रॉंक्समधे ऑफिसच्या यंत्रांच्या दुरुस्तीचं दुकान घेतलं, माजी सैनिक म्हणून मिळालेल्या २५,००० डॉलर कर्जावर. नाव ठेवलं कमोडोर पोर्टेबल टाइपरायटर. म्हणे जनरल आणि ॲडमिरल ही नावं आधीच कुणीतरी घेतलेली, म्हणून कमोडोर. खरं खोटं तोच जाणे, स्टोरी भारी आहे.

म्हणजे बघा, सुरुवातीला त्याच्याकडे काय काय होतं. एक कसब, ज्याची बाजारात रोज गरज होती. सैनिक म्हणून मिळालेलं कर्ज. आणि मधली एक नोकरी, जिच्यात त्याला कळलं की दुकान आतनं कसं चालतं आणि गिऱ्हाईक कुणाच्या तोंडाकडे बघून येतं. यातलं काहीच लिंक्डइनच्या भाषेत चमकत नाही.

पुढचं पटकन सांगतो. १९५५ मधे टोरंटोला कंपनी काढली, तिथनं चेकोस्लोव्हाकियाचे टाइपरायटर आणता यायचे, अमेरिकेत ते अवघड होतं. मग ॲडिंग मशीन, मग कॅल्क्युलेटर. मधे १९६५ ला कॅनडातली एक फायनान्स कंपनी बुडाली तिच्या भानगडीत कमोडोर पण सापडली आणि आयर्विंग गूल्ड नावाचा पैसेवाला आत आला, त्याचा पैसा घेतला म्हणून कंपनी वाचली पण मालकीची सूत्रं त्याच्याकडे गेली. हे लक्षात ठेवा.

१९७५ मधे खरा फटका बसला. कमोडोरच्या कॅल्क्युलेटरमधली चिप यायची टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडून, आणि टेक्सास स्वतःचेच कॅल्क्युलेटर विकायला उतरली होती, ते पण इतके स्वस्त की कमोडोरला त्या भावात नुसते पार्ट पण मिळत नव्हते. पार आडवा झाला. पण यातनं त्याने जे उचललं ते एकच, की जो माझा माल बनवायचा कच्चा माल विकतो तो उद्या माझ्या समोर दुकान टाकू शकतो. १९७६ मधे त्याने मॉस टेक्नॉलॉजी ही चिप बनवणारी कंपनीच विकत घेतली. तिच्याकडे ६५०२ नावाचा प्रोसेसर होता, बाजारात आला तो २५ डॉलरला, बाकीच्यांचे तेव्हा कितीतरी पट महाग. ही चिप तुम्ही पण वापरलीय बरं का, नकळत. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडून मारिओ आणि काँट्रा खेळायचे ते कॅसेटवाले व्हिडिओ गेम, त्यांचं डोकं याच ६५०२ च्या घराण्यातलं. १९८४ च्या क्लास नावाच्या सरकारी प्रोजेक्टमधे आपल्या शाळांत आले ते बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर पण ६५०२ वरच.

मग १९७७ ला पेट नावाचा कॉम्प्युटर, त्यानंतर व्हिक-२०, आणि १९८२ मधे कमोडोर ६४, सुरुवातीची किंमत ५९५ डॉलर. चिप घरची असल्यामुळे किंमत पाडायला त्याच्याकडे जागा होती, आणि त्याने ती पाडत पाडत १९८३ मधे २०० च्या आसपास आणली. वर स्कीम काढली, कुठलाही जुना कॉम्प्युटर किंवा व्हिडिओ गेम आणून द्या, १०० डॉलर परत. तर लोक दुकानातनं टायमेक्स सिंक्लेअरचा सगळ्यात स्वस्त डबा विकत घ्यायचे आणि तोच इकडे "जुना" म्हणून द्यायचे. त्याच वर्षी ऑक्टोबरात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने होम कॉम्प्युटरचा धंदा बंद केला. आठ वर्षांनी उट्टं काढलं म्हणायचं. कमोडोर ६४ एक कोटीच्या वर विकला गेला.

इथपर्यंत वाचून छाती फुगते. पण माझ्यासारखा माणूस याच्या पुढचं जास्त बघतो, कारण मला हप्ते फिटतील की नाही ते बघायचं असतं.

हा माणूस उघड म्हणायचा की धंदा म्हणजे युद्ध. आणि तसाच वागायचा. सप्लायरचं बिल लटकवून ठेवायचं. डीलरने जुन्या भावात माल भरलेला असताना भाव पाडायचा, आणि त्याच्या पुढे जाऊन तोच माल खेळण्यांच्या आणि किराणाछाप मोठ्या दुकानांत ठेवायचा. ऑफिसात तो अचानक येऊन झाडायचा त्याला लोकांनी "जॅक अटॅक" नाव पाडलं होतं. परिणाम काय? ६५०२ मागचा मुख्य माणूस चक पेडल १९८० मधे सोडून गेला. कमोडोर ६४ ज्यांनी बनवला त्यातले बॉब यान्स, अल शार्पेंटिए वगैरे मशीन बाजारात येतं न येतं तोच बाहेर पडले आणि पुढे एन्सोनिक नावाने सिंथेसायझर बनवायला लागले. जानेवारी १९८४ मधे, टेक्सासला हरवून तीन महिने पण झाले नव्हते, गूल्डशी वाजलं आणि ट्रॅमिएललाच स्वतःच्या कंपनीतनं बाहेर पडावं लागलं. मघाशी म्हटलं ना लक्षात ठेवा, ते हेच. जुलैत त्याने वॉर्नर कंपनीकडून अटारीचा होम कॉम्प्युटर आणि गेमचा धंदा घेतला, जवळपास सगळं प्रॉमिसरी नोटांवर, आणि आल्या आल्या बहुतेक स्टाफ काढला. १९८५ चा अटारी एसटी कॉम्प्युटर चांगला होता, युरोपात चालला पण, पण अमेरिकेतले डीलर हात पोळलेले होते, ते बिचकूनच राहिले. कमोडोर १९९४ मधे बुडाली, त्याची अटारी १९९६ मधे एका हार्ड डिस्कच्या कंपनीत विरून गेली.

आता कुणी म्हणेल ऑशवित्झमधनं आलेल्या माणसाला तुम्ही न्यू जर्सीच्या एडिसन गावात बसून शहाणपणा काय शिकवता. बरोबर आहे, नाही शिकवत. त्याला जग तसंच दिसलं होतं. आणि कृतघ्न तर अजिबात नव्हता, आलेम सोडवताना व्हर्नन टॉट नावाच्या साध्या शिपायाने तिथले फोटो काढले होते, त्याचा पत्ता कित्येक वर्षांनी लागला तर वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट म्युझियमच्या भिंतीवर ट्रॅमिएलने त्याचं नाव कोरून घेतलं, आपला मुक्तिदाता म्हणून. पण तुम्ही तो लढाईचा बाणा उसना घेऊ नका एवढंच. आर्मीत हाताखालचा माणूस राजीनामा देऊन सोमवारी निघून जाऊ शकत नाही, सिव्हिलियन टेक्निशियन जातो, आणि जाताना तुमचं गिऱ्हाईक घेऊन जातो. तुमच्या "लीडरशिप"मधला बराचसा भाग या गोष्टीवर उभा असतो की समोरच्याला पर्याय नाही. माझ्याकडे आलेले सार्जंट लोक पहिल्या वर्षी इथंच सगळ्यात जास्त मार खातात.

आता तुमचं बघू. जनरेटर मेकॅनिक हे आजच्या तारखेला टाइपरायटरपेक्षा भारी कसब आहे. अमेरिकेत हॉस्पिटलच्या इमर्जन्सी जनरेटरला एनएफपीए ११० नावाचा कोड लागू होतो, त्यात महिन्यातनं एकदा किमान अर्धा तास लोडवर चालवून बघायचं आणि त्याची नोंद ठेवायची हे बंधनकारक. लोड पुरेसा येत नसेल तर वर्षातनं एकदा लोड बँक, म्हणजे कृत्रिम लोड देणारं यंत्र, लावून टेस्ट. म्हणजे दर महिन्याला कुणीतरी जाऊन सही करावीच लागते, लाइट जावो न जावो. आमच्याकडे २०१२ च्या सॅंडी वादळानंतर तर नर्सिंग होम, पंपिंग स्टेशन, सोसायट्या सगळ्यांनी जनरेटर बसवले, ते आता जुने व्हायला लागलेत. हा खरा धंदा आहे. नवीन जनरेटर विकायच्या मागे लागू नका, त्यात कमिन्स आणि कॅटरपिलरचे डीलर बसलेत. सर्विस काँट्रॅक्ट धरा. फक्त वायरिंगला हात लावायचा असेल तर राज्याचं इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टरचं लायसन लागतं, आर्मीतला अनुभव त्याच्या जागी चालत नाही, तेव्हा सुरुवातीला इंजिनाच्या बाजूचं काम घ्या आणि वायरिंगला लायसनवाला जोडीला ठेवा.

कर्जाचं. ट्रॅमिएलच्या काळात सैनिकांना सरकारी हमीवर धंद्याचं कर्ज मिळायचं. आज व्हीए, म्हणजे माजी सैनिकांचं खातं, घराच्या कर्जाची हमी देतं, धंद्याच्या नाही. धंद्याच्या कर्जाला हमी देतं एसबीए, म्हणजे छोट्या धंद्यांचं सरकारी खातं. एसबीए एक्सप्रेस कर्जाला माजी सैनिकाची सुरुवातीची गॅरंटी फी माफ असते, बँकवाला आपणहून सांगेलच असं नाही, तुम्ही विचारा. २० टक्के किंवा जास्त मालकी असलेल्या प्रत्येकाला पर्सनल गॅरंटी द्यावी लागते, म्हणून भावाला, मेव्हण्याला प्रेमाने २५ टक्के लिहून देऊ नका, त्याचं घर पण अडकतं.

पैसे किती लागतील याचा अंदाज लोक मशीन आणि व्हॅनवर काढतात, तिथंच गणित फसतं. समजा दोन टेक्निशियन ठेवले, तासाला ३५ डॉलर, आठवड्याचे ४० तास. झाले २,८०० डॉलर. वर पेरोल टॅक्स, वर्कर्स कॉंप म्हणजे कामावरच्या दुखापतीचा विमा धरून ३,२०० म्हणू. हॉस्पिटल बिलाचे पैसे देणार साठ दिवसांनी, म्हणजे साडेआठ आठवडे. २७,००० डॉलर नुसत्या पगारात गेले आणि अजून पहिला चेक यायचाय. डिझेल, फिल्टर, इन्शुरन्स वेगळं. काम जितकं जास्त मिळेल तितकी ही खोट वाढत जाते, कमी होत नाही. गिऱ्हाईक भरपूर असताना बंद पडलेले धंदे मी बघितलेत ते सगळे याच्यामुळे. आणि असं अडकलं की मग गूल्ड येतो, म्हणजे कुणीतरी पैसेवाला काका, जो पैसे देतो आणि ५१ टक्के मागतो.

५१ वरनं आठवलं, हे महत्त्वाचं आहे. सरकारी कामात माजी सैनिकांच्या कंपन्यांना राखीव वाटा असतो, त्यातही सर्विसमधे दुखापत किंवा आजार झालेल्यांच्या कंपन्यांसाठी केंद्र सरकारचं टार्गेट ३ टक्के होतं ते आता ५ टक्के केलंय. सर्टिफिकेट २०२३ पासून एसबीए देतं. अट अशी की किमान ५१ टक्के मालकी तुमची आणि चालवणारे पण खरोखर तुम्हीच. व्हीएचं स्वतःचं तर अजून कडक आहे, २०१६ मधे सुप्रीम कोर्टाने किंग्डमवेअरच्या केसमधे सांगितलं की माजी सैनिकांच्या किमान दोन लायक कंपन्या योग्य भावात बोली लावतील अशी अपेक्षा असेल तर व्हीएने काम त्यांच्यातच वाटायचं. आणि व्हीएची हॉस्पिटलं आहेत, म्हणजे जनरेटर आहेत. आमच्या इथं ईस्ट ऑरेंज आणि लायन्सला आहेतच. सरकारी खात्याने व्यवस्थित बिल मिळाल्यापासून तीस दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे, उशीर झाला तर व्याज, त्यामुळे वरचं साठ दिवसांचं दुखणं इथं निम्म्यावर येतं.

पण या सर्टिफिकेटचा वास लागला की लोक येतात. कुणी मोठा काँट्रॅक्टर म्हणेल, साहेब तुमचं फक्त नाव द्या, काम आम्ही करू, तुम्हाला घरबसल्या पाच टक्के. आपल्याकडे दुसऱ्याच्या नावावर टेंडर भरतात तसलाच प्रकार. हसत हसत नाही म्हणा. राखीव सर्विस काँट्रॅक्टमधे मिळालेल्या रकमेच्या निम्म्याहून जास्त बाहेरच्या कंपनीला देता येत नाही, आणि इथं या भानगडीत लोक खरोखर फेडरल जेलमधे गेलेत.

त्यासाठी आत असतानाच दोन कामं करा. एक, कान, गुडघे, कंबर, जे काही जनरेटरच्या शेजारी उभं राहून गेलंय त्याचा व्हीएकडे भरपाईचा क्लेम बाहेर पडायच्या १८० ते ९० दिवस आधी टाका, त्याची वेगळी सोय आहे, नंतर टाकला तर रखडतो. "आपण काय अपंग नाही" म्हणून आपली पोरं हा क्लेम टाकतच नाहीत, अहो अपंगत्वाचं रेटिंग शून्य टक्के आलं तरी कंपनीच्या सर्टिफिकेटला चालतं. दुसरं, डीडी-२१४, म्हणजे सर्विस संपल्याचा दाखला, हातात पडल्यावर तिथंच उभं राहून वाचा, ट्रेड कोड, कोर्स, तारखा, डिस्चार्जचा प्रकार, सगळं. आणि तुमची सिटिझनशिप सर्विसवर झालीय तर एक लक्षात असू द्या, पाच वर्षं ऑनरेबल सर्विस व्हायच्या आत खराब डिस्चार्ज मिळाला तर ती परत घेता येते. शेवटच्या महिन्यांत कुणाशी वाद नको.

राहिलं वहिनींचं. त्या म्हणतात ते ऐका, निदान दोनेक वर्षं. शेवटच्या १८० दिवसांत स्किलब्रिज नावाची सोय आहे, कमांडरने परवानगी दिली तर पगार आर्मीचा आणि काम बाहेरच्या कंपनीत, एखाद्या जनरेटर डीलरकडे तसं जाता येतंय का बघा आणि जमलं तर तिथंच नोकरी धरा. बिल कसं बनतं, पार्टवर किती मार्जिन असतं, रात्री दोनला फोन आला तर किती लावायचे, हे आर्मीत कुणी शिकवत नाही. फक्त ऑफर लेटरबरोबर नॉन-कंपीट, म्हणजे सोडल्यावर तसलाच धंदा न करण्याचं, आणि गिऱ्हाईक न तोडण्याचं कलम असतं, दोन वर्षांनी तुम्हाला ज्या हॉस्पिटलांकडे जायचंय तीच त्यात बांधून टाकलेली असतात. सही करायच्या आधी त्यातली नावं आणि ऑफर लेटरमधल्या पगाराचा आकडा काढून ते कलम तेवढं इथं टाका, मी वाचून सांगतो, आणि मग सही एखाद्या इथल्या वकिलाला दाखवूनच करा.